कोल्ह्याला काय म्हणून हाकलायचं?

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, त्यांच्या शेजारी बसलेले प्रमुख पाहुणे, कॉलेजच्या प्राचार्य बाई, निसर्ग मंडळाचे सर, ज्यांनी सकाळपासून खुर्च्या उचलल्या ते शिपाईदादा, उद्या परदेशी निघालेली चार मुलं, त्यांचे आईबाप, आणि समोर बसलेल्या सगळ्या लहानथोरांनो, माझा नमस्कार घ्या. कोणाचा मान राहून गेला असेल तर तो घाबरल्यामुळं राहिला, मुद्दाम नव्हे.

मला भाषणाचा सराव नाही. शाळा सातवीला सुटली. पुढं सगळी नोकरी एका मोठ्या इस्पितळात लिफ्ट चालवण्यात गेली. तिथं बोलायचं ते एवढंच, "कुठला मजला?" जन्मभर लोकांना वर नेलं, खाली आणलं, आणि स्वतः आहे तिथंच राहिलो. हसलात, बरं वाटलं. तुम्ही गप्प बसलात की मला वाटतं काहीतरी घडलंय आणि मला सांगत नाहीयेत.

तुमच्या पत्रिकेवर छापलंय की विद्यार्थिनीचे आजोबा आशीर्वादपर चार शब्द बोलतील. छापणाऱ्याचा दोष नाही. पण खरी गोष्ट अशी आहे की मी अजून आशीर्वाद दिलेला नाही. माझी नात उद्या सकाळी निघणार आहे आणि तिची बॅग आत्ता, या घडीला, घरी रिकामी उघडी पडलीय. तिनं सगळ्यांसमोर सांगितलंय, "आजोबा मनापासून हो म्हणेपर्यंत मी एक रुमालसुद्धा भरणार नाही." तिकीट आहे. पासपोर्ट आहे. तिच्या आईबापाची परवानगी केव्हाच मिळाली. अडलंय ते माझ्यापाशी. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही तिथं चार लोकांसमोर बोलाल तेव्हा तरी बोला." म्हणून मी इथं उभा आहे. 

नातीला घरात आम्ही मुंगी म्हणतो. लहानपणी तिच्या अंगाहून मोठं काहीतरी कायम ओढत न्यायची. आईबाप दोघं पाळीवर कामाला, त्यामुळं तिला मी आणि तिच्या आजीनं वाढवलं. आजीनं खायला घातलं आणि मी घाबरायला शिकवलं. हो, शिकवलंच. रस्ता ओलांडताना आधी उजवीकडं, मग डावीकडं, मग पुन्हा उजवीकडं. गॅस बंद केला की पुन्हा एकदा हात लावून बघायचा. गच्चीच्या कठड्यापासून हातभर लांब. अनोळखी माणसानं वेळ विचारली तरी तीन पावलांवरून सांगायची. तिची आजी म्हणते, "तुम्ही पोरीला वाढवलं नाही, तिचा पहारा केलात." ती दुसऱ्या रांगेत बसलीय. आत्ता पदर तोंडाला लावलाय म्हणजे हसतेय.

मी असाच आहे. फोन वाजला की मी आधी वाईट बातमी ऐकतो आणि मग आवाज ओळखतो. इस्पितळात राहून असं झालं असेल. बाहेरच्या माणसाला वाटतं लिफ्टवाल्याला काय दिसतं? लिफ्टवाल्याला सगळं दिसतं. सकाळी हसत वर गेलेला माणूस दुपारी भिंतीला टेकून खाली येतो. त्याचा हात धरलेलं जे कोणी असतं, त्याच्या एकाच पायात चप्पल असते. असं बघत बघत म्हातारा झालेल्या माणसाला तुम्ही सांगता, "आजोबा, काळजी करू नका"? कशी नको करू?

आता मुलं तिथं काय करणार आहेत ते सरांनी मघाशी चांगल्या भाषेत सांगितलं. मी माझ्या भाषेत सांगतो, कारण मला ते कळायला फार वेळ लागला. समुद्राकाठचं एक छोटं गाव आहे. गावानं मिळून कचऱ्याची एक शेड बांधलीय. घरटी माणसं आपापला कचरा घेऊन येतात आणि काच वेगळी, पत्रा वेगळा, प्लास्टिक वेगळं असं टाकतात. मुलांनी तिथं सकाळी बसून झाकणं काढायची, लेबलं खरवडायची, बरण्या धुवायच्या. त्या शेडच्या मागच्याच अंगाला जखमी जनावरांचा दवाखाना आहे, आणि दुपारी मुलं तिथं. जनावरं येतात ती बहुतेक कचऱ्यानंच जखमी झालेली. कोणाच्या गळ्यात प्लास्टिकची पट्टी रुतलेली, कोणाच्या पायाला जाळं. म्हणजे सकाळी बरण्या धुवायच्या आणि दुपारी बरण्यांनी केलेल्या जखमा धुवायच्या. हे ऐकलं तेव्हा मी म्हणालो, "कचरा इथंही आहे की! आपल्या गल्लीच्या तोंडाशी ढीग आहे, तो धू." मुंगी म्हणाली, "तोच धुवायला शिकून येते, आजोबा." मी टीव्ही मोठा केला.

मग प्रश्न सुरू केले. चावलं तर? ताप आला तर? तिथले पोलीस कुठल्या भाषेत बोलतात? विजेची बटणं वर केली की चालू होतात की खाली? तिथल्या लिफ्टमध्ये माणूस नसतो म्हणतात, मग अडकली तर ओरडायचं कोणाच्या नावानं? शेवटी पोरगी कंटाळली. म्हणाली, "आजोबा, तुम्हीच विचारा." आणि दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना तिनं फोनवर समोर आणून बसवलं.

बाई माझ्यापेक्षा थोड्या लहान असतील. केस पांढरे, अंगावर मळका कोट, मागं कोणीतरी बादल्या आपटत होतं. मी मराठीत विचारायचं, मुंगीनं त्यांच्या भाषेत सांगायचं, त्यांनी उत्तर द्यायचं, मुंगीनं मला सांगायचं. मधे पोरीनं काय गाळलं आणि काय घातलं देव जाणे. मी विचारलं, "माझी नात भित्री आहे, चालेल का?" मला वाटलं, त्या नको म्हणतील. मनातून मी तेच मागत होतो.

बाई म्हणाल्या, "फार चांगलं. आम्हाला इथं भीती शिकवणारीच माणसं लागतात."

मला वाटलं मुंगीनं चुकीचं सांगितलं. पण नाही. बाईंनी फोन फिरवून दाखवलं. एका पिंजऱ्यात कोल्ह्याचं पिल्लू होतं. एवढंसं, तांबूस. कोणीतरी गोड काहीतरी संपवून बरणी न धुता रस्त्याकडेला फेकली होती. पिल्लानं चाटायला डोकं आत घातलं आणि ते अडकलं. किती दिवस ते डोक्याला बरणी घेऊन फिरत होतं कोणास ठाऊक. आतून सगळं दिसतंय, पण पाणी पिता येत नाही, वास येत नाही, आईला हाकही मारता येत नाही. सापडलं तेव्हा बरणीच्या आतून त्याच्याच श्वासाचं पाणी गळत होतं. मंडळी, ते ऐकल्यापासून मला झोपताना तोंडावर चादर घेता येत नाही.

तर ते पिल्लू आता बरं झालं होतं. हातानं भरवावं लागलं होतं, म्हणून माणूस दिसला की शेपटी हलवत जवळ यायचं. मुंगीचा चेहरा फोनमध्ये बघूनसुद्धा ते पुढं आलं. मुंगी "अगं बाई, किती गोड!" करत सुटली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की मागं असंच एक पिल्लू होतं. सगळ्यांचं लाडकं. सोडायच्या आधी त्याला माणसाची दहशत घालायची असते, पण कोणाला ते जमलं नाही. तसंच सोडलं. ते जंगलात गेलंच नाही. माणूस दिसला म्हणून रस्त्यावर आलं, गाडीचा दिवा दिसला तरी हललं नाही, उलट शेपटी हलवत तिच्याकडं गेलं.

पुढचं मुंगीनं मला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

म्हणून तिथं नियम आहे. ज्यांनी भरवलं त्यांनीच, तोंडाला फडकं बांधून, पत्रे वाजवून, ओरडून पिल्लाला हाकलायचं. पुन्हा पुन्हा. माणसाची चाहूल लागताच ते पळून लपेपर्यंत. आणि ओरडायचं ज्याच्या त्याच्या मातृभाषेत, कारण पिल्लाला कळायला हवं की माणूस कुठल्याही बोलीत बोलला तरी त्याच्याजवळ जायचं नसतं. बाईंनी मुंगीला विचारलं, "तुमच्या भाषेत काय म्हणून हाकलतात?"

इथं आमच्या घरात भांडण पेटलं. मी म्हणालो, "हाड." माझा मुलगा म्हणाला, "बाबा, हाड कुत्र्याला." मांजराला शुक, कावळ्याला हुश, गुराला हैक. पण कोल्ह्याला काय? कोणालाच येईना. सूनबाईनं माहेरी फोन करून विचारलं, तिथंही दोन तट पडले. शेवटी आजी म्हणाली, "कोल्ह्याला हाकलायला शब्द कशाला ठेवतील? तो माणसाला बघून आपणच पळायचा. आता पळत नाही, ही त्याची चूक की आपली?" तेव्हा हाड पक्कं झालं.

खरं सांगू? त्या दिवशी माझी छाती फुगली होती. जन्मभर मला सगळे भित्रा म्हणाले. साहेब म्हणाले, सोबती म्हणाले, बायको तर अजून म्हणते. आणि कुठल्या लांबच्या देशातली डॉक्टरीण म्हणते की भीती हा जगायचा धडा आहे, आणि तो मायेच्या माणसानंच द्यावा लागतो. मी बाईंना म्हणालो, "मी हेच केलं, या पोरीला मी हेच शिकवलं." बाईंनी मान डोलावली. आणि मग मी, शहाणपणानं, आणखी एक प्रश्न विचारला. विचारायला नको होता. मी म्हणालो, "मग पिल्लू नीट घाबरायला शिकलं की पुढं काय?"

बाई म्हणाल्या, "पुढं दार उघडायचं."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर ते आतल्या आत गोल गोल फिरतं. अंगावरचे केस जातात. स्वतःचे पंजे चावतं. भीती शिकवून दार बंद ठेवणं, याहून ती न शिकवणं बरं."

मी मुंगीला म्हणालो, "फोन ठेव. बाईंना कामं असतील."

त्यानंतर मुंगी कॉलेजातून येऊन खोलीत बसायची आणि मी बाहेर बसून तिच्या पावलांचा आवाज ऐकायचो. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. पोरं फोनवर बोलताना अशी फिरतातच, मला माहीत आहे. तरी मी एकदा, ती पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा, तिची नखं बघितली. कुरतडलेली होती. आधीपासून कुरतडते की आत्ता, ते मला आठवेना, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

काल सकाळी ती गच्चीवर सराव करत होती. तोंडाला ओढणी बांधलेली, एका हातात पत्र्याचं झाकण, दुसऱ्यात लाटणं. समोर आजी कपडे वाळत घालत होती. मुंगी झाकण वाजवायची आणि म्हणायची, "हाड."

आजी म्हणाली, "अगं, हाकलतेयस की अर्ज करतेयस?"

"ओरडता येत नाही गं आजी. समोर कोणी नाही ना."

मी जिन्यात उभा होतो. वर गेलो आणि म्हणालो, "मी होतो पिल्लू."

"आजोबा, तुम्ही?"

"का? माझ्यावर ओरडायला कोण येतं? तुझ्या आजीला विचार, किती सोपं आहे."

बसलो उकिडवा. गुडघे वाजले. पुढं सरकायला लागलो. ती झाकण वाजवून म्हणते, "हाड, आजोबा." आजी हसून हसून कठड्याला टेकली. मी आणखी पुढं सरकलो. पोरीचा आवाज चढेना. "हाड ना. आजोबा, प्लीज, हाड ना." मग मला काय झालं ते मला माहीत नाही. मी हात पुढं केला आणि माझ्या तोंडून निघालं, "मुंगे, जाऊ नकोस. मी मरेन गं काळजीनं."

ते पिल्लाचं बोलणं नव्हतं. ते माझंच होतं.

आणि पोरीनं झाकणावर लाटणं असं हाणलं की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. "हाड!" म्हणाली. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. मी मागं पडलो, उठलो, आणि पाण्याच्या टाकीमागं जाऊन लपलो. नाटक म्हणून नाही हो. खरोखर पळालो. कोपर खरचटलं, हे बघा, अजून आहे.

टाकीमागून बघितलं तर पोरगी जागच्या जागी थरथरत होती. ओढणी खाली घसरलेली, ओठ पांढरे. झाकण तिच्या हातात आपोआप वाजत होतं. आजी तिच्याकडं निघाली, तर तिनं हातानं थांबवलं. म्हणाली, "आजोबा, मला पण भीती वाटते. रोज वाटते. विमानाची वाटते. तिथं पिल्लू माझ्या हातून मेलं तर काय करू? तुम्हाला काही झालं आणि मी तिथं असले तर? पण हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही कायमचं नाही म्हणाला असतात. म्हणून मी हसत होते."

मंडळी, इतके दिवस मला वाटत होतं की पोरीला कशाचीच भीती राहिली नाही. माझी खरी दहशत ती होती. गाडीच्या दिव्याकडं शेपटी हलवत जाणारं ते पिल्लू रोज माझ्या डोळ्यांपुढं यायचं, आणि त्याचं तोंड मुंगीचं असायचं. आणि इथं ही माझ्यासमोर कापत उभी. गॅसला दोनदा हात लावणारी, कठड्यापासून हातभर लांब उभी राहणारी. तशीच होती. काही विसरली नव्हती.

मला तेव्हाच हो म्हणता आलं असतं. पण दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकते ना, खालचं दारही उघडत नाही आणि वरचंही, तसं झालं. टाकीमागून बाहेर आलो आणि म्हणालो, "लाटणं आजीला परत दे." एवढंच. आणि खाली गेलो.

अध्यक्षसाहेब, तुमच्या घड्याळाकडं माझं लक्ष आहे. आता संपवतोच.

तुम्ही मला विचाराल, आजोबा, मग आता भीती गेली का? नाही गेली. ती वाढलीय. उद्यापासून फोन वाजला की मी भिंत धरून उभा राहणार. नाही वाजला तरी धरणार. बाकीच्या तीन मुलांच्या आईबापांना मी धीर देऊ शकत नाही, कारण तो माझ्याकडं नाही. असता तर वाटला असता. निसर्ग मंडळाचे सर, मुलं पोचली की लगेच कळवा. चांगली बातमी असली तरी आधी "सगळं ठीक आहे" म्हणा आणि मग पुढचं बोला.

मुंगे, तू कुठं बसलीयस? चष्म्यावर दिवा पडतोय, दिसत नाही. हां, उभी राहा. हात वर कर. दिसलीस.

ऐक. हो.

काय? तिची आजी म्हणतेय, मागं ऐकू आलं नाही. माइक इकडं घ्या जरा.

हो म्हणालो. मनापासून की कसं, ते मला सांगता येत नाही, मनाचा थारा नाही सध्या. पण घाबरत घाबरत, आणि स्वतःच्या तोंडानं, चार लोकांसमोर हो म्हणालो. घरी जाऊन बॅग भर. गरम कपडे खाली घाल, औषधं वरच्या कप्प्यात. त्या पिल्लाला माझ्या वाटचं एकदा चांगलं खणखणीत ओरड. आणि दार तू स्वतः उघड. दुसऱ्या कोणाला उघडू देऊ नकोस.

टाळ्या नकोत. आवाजानं दचकायला होतं.

तर अध्यक्षसाहेब, पाहुणे, प्राचार्य बाई आणि सर, तुम्ही एका लिफ्टवाल्याला एवढ्या मोठ्या माणसांत उभं केलंत आणि मधेच बसवलं नाहीत, याबद्दल मी तुमचा फार आभारी आहे. समोर बसलेल्या सर्वांनी माझं रडगाणं गोड मानून घेतलं, त्यांचेही उपकार मानतो. बोलण्यात तोल गेला असेल, लहान तोंडी मोठा घास झाला असेल, घरातलं बाहेर निघालं असेल, तर म्हाताऱ्याला पदरात घ्या.

आता खाली उतरायला कोणीतरी मला हात द्या. पायरी नीट दिसत नाही.

नाही, मुंगे, तू नको येऊस. तू बस तिथंच. शिपाईदादा, तुम्ही या.